शू-बाईंच्या वाचनालयातले लांब टेबल

मित्रांनो, या, बसा. कोपरे टेकवलीत तरी माझी हरकत नाही, कोपरांची मला सवय आहे. मी एक जुने टेबल आहे. सार्वजनिक वाचनालयाच्या मोठ्या खोलीत, उंच खिडक्यांखाली, मी इतकी वर्षे उभे आहे की नवी माणसे मला भिंतीचाच भाग समजतात. माझी लांबी एवढी, की एका टोकाला कोणी शिंकले तर दुसऱ्या टोकाला पान उलटणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

मला घडवणारा सुतार कमी बोलणारा होता. रंधा मारताना शीळ घालायचा आणि कोणी आत आले की थांबायचा. त्याने माझ्या कडा तासून तासून गोल केल्या, कारण जिथे पुस्तके असतात तिथे मुले असतात, आणि मुले असली की डोकी आपटतात, हे त्याला पक्के ठाऊक होते. शेवटी त्याने दोन्ही तळहात माझ्यावर ठेवून अंगाचा सगळा भार टाकला. मी जरासुद्धा कुरकुरले नाही. "झकास," एवढेच तो म्हणाला आणि हत्यारे गोळा करून निघून गेला. त्या एका शब्दावर मी पुढची कितीतरी वर्षे खूश होते.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. लोक बोटे फिरवून माझी गुळगुळीत पाठ बघत. मग सवय झाली. माझ्यावर वर्तमानपत्रे पसरली गेली, परीक्षेच्या दिवसांत जड जड पुस्तके आली आणि त्या पुस्तकांवर जड झालेली डोकी आली. कोणीतरी कंपासच्या टोकाने माझ्या अंगावर बदाम कोरला. पुढे त्याच माणसाने येऊन तो बदाम खोडायचा प्रयत्न केला, म्हणजे मला दोनदा दुखले. माझ्या पोटाला खालून किती च्युइंगम चिकटले आहेत ते विचारू नका.

या खोलीच्या मालकीणबाई म्हणजे आमच्या ग्रंथपाल. तशी मालकी कोणाचीच नव्हती, पण त्यांचा दरारा तसा होता. बुटक्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि ओठ कायम "शू" म्हणण्याच्या तयारीत. खुर्ची सरकली, शू. खोकला आला, शू. एकदा खिडकीत येऊन घुमणाऱ्या कबुतरालाही त्यांनी "शू" केले होते आणि ते खरेच गप्प बसले होते. म्हणून मुले त्यांना शू-बाई म्हणत. बाईंना ते माहीत होते. माझ्या मते त्यांना ते आवडतही होते, पण तसे त्यांनी कधी दाखवले नाही.

त्यांच्या हाताखाली शिपाईकाका होते. काका पुस्तके जागेवर लावत, झाडलोट करत आणि बाईंची पाठ वळली की वाचकांशी हळूच गप्पा मारत.

तर असे आमचे शांत चालले होते. मग नदी आली.

वरच्या डोंगरांत बरेच दिवस पाऊस कोसळत होता. आमच्याकडे मात्र नुसतेच ढग होते, म्हणून कोणी फारसे मनावर घेतले नव्हते. एका दुपारी नदीकाठचा बांध फुटला. आधी रस्त्यावर आरडाओरडा ऐकू आला. बाई "शू" म्हणायला दारात गेल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. मातकट पाणी वळण घेऊन आमच्या गल्लीत शिरत होते, आणि त्यावर कोणाच्या तरी घराचे दार तरंगत होते.

"खालची पुस्तकं!" बाई ओरडल्या. या खोलीत त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

काका धावले. वाचायला आलेली माणसेही उठली. खालच्या फळ्यांवरची पुस्तके हातोहात माझ्यावर येऊ लागली. मुलांची पुस्तके, शब्दकोश, नकाशांचे मोठे ग्रंथ. थरावर थर चढत गेले. पाणी उंबरठा ओलांडून आत आले, माझ्या पायांना लागले आणि वर चढू लागले, तेव्हा काकांनी बाईंना अक्षरशः ओढत माळ्यावर नेले. मग खोलीत मी, पाणी आणि पुस्तके एवढेच उरलो.

मित्रांनो, मी शूर नाही. मला पळता येत नव्हते म्हणून मी उभे राहिले, इतकेच. पण पाणी मांडीला लागले तसे माझे लाकूड फुगले, सांधे कण्हू लागले, तरी पाठीवरचा भार मी हलू दिला नाही. पाणी माझ्या पाठीच्या किंचित खाली येऊन थांबले. बराच वेळ तिथेच विचार करत असल्यासारखे राहिले. मग उतरायला लागले.

पाणी गेले आणि चिखल मागे राहिला. घरांत, दुकानांत, कपाटांत, बुटांत. आमच्या गावात नदीकडच्या गल्ल्यांमध्ये एकही घर कोरडे राहिले नव्हते. वीज नव्हती. दवाखान्यात पाणी, शाळेत पाणी. चढावरची घरे आणि तिथली एक बेकरी तेवढी वाचली होती.

बाईंनी साडीचा पदर खोचला आणि खराटा घेतला.

"बाई, फळ्यांवर राहिलेली पुस्तकं ओली, फरशीवर चिखल," काका म्हणाले. "आज कोण येणार आहे वाचायला?"

"वाचायला नाही येणार," बाई म्हणाल्या. "पण लोक घरातून बाहेर पडतील तेव्हा जायला एक जागा तर हवी. दार उघडं दिसलं पाहिजे."

आणि दार उघडे राहिले. पहिल्यांदा बेकरीवाले मामा आले. त्यांच्या हातात पावांची टोपली होती. "भट्टी चालू आहे माझी, पण लोकांना वाटायला जागा नाही," ते म्हणाले. खाद्यपदार्थ आत आणू नयेत अशी पाटी बाईंच्या डोक्यावरच लटकत होती. बाईंनी ती खिळ्यावरून काढली, उलटी केली आणि टोपली तिच्यावर ठेवली. पावांचा वास पहिल्यांदाच माझ्या लाकडात शिरला. तो अजून पुरता गेलेला नाही.

मग कोणीतरी जनरेटर आणला. माझ्या एका टोकाला मोबाईल चार्ज करणाऱ्यांची गर्दी झाली. वायरींचा असा गुंता झाला की काका म्हणाले, "शेवया उकडल्यासारखं दिसतंय हे." दुसऱ्या टोकाला एक नर्स जखमा बांधू लागली. मधल्या भागात मुले खडू घेऊन बसली. त्यांनी सगळ्यांनी पाणीच काढले. पानेच्या पाने निळी-तपकिरी झाली. मग एका मुलीने पाण्यावर होडी काढली आणि हळूहळू बाकीच्यांच्याही चित्रांत होड्या आल्या.

लोक ओले फोटो घेऊन येऊ लागले. चिकटलेले अल्बम, लग्नातले, बारशातले, गेलेल्या माणसांचे. "टाकून द्यावेत का हो?" असे दबक्या आवाजात विचारत. "अजिबात नाही," बाई म्हणत. स्वच्छ पाण्यात फोटो अलगद सोडवायचे, चेहऱ्यावर बोट लावायचे नाही, कोऱ्या कागदावर चित्र वर करून सुकत ठेवायचे, हे त्यांनी सगळ्यांना शिकवले. दुसऱ्या दिवसापासून माझी पाठ दिसेनाशी झाली. सगळे गाव माझ्या अंगावर वाळत पडले होते. लोक येता जाता वाकून बघत आणि अचानक म्हणत, "अगं, हा तर तुझा मामा! केवढे केस होते याला!" त्या दिवसांत गावात ऐकू आलेले पहिले हसू ते.

अशातच वाचनालयाच्या समितीचे अध्यक्ष आले. त्यांचे बूट एकदम स्वच्छ होते.

"बाई, हे काय चाललंय?" ते म्हणाले. "वाचनालय वाचण्यासाठी असतं. दुरुस्ती होईपर्यंत ते बंद ठेवायचं असं समितीचं मत आहे."

"अगदी बरोबर बोललात. वाचण्यासाठीच असतं," बाई म्हणाल्या. त्यांनी सरकारी मदतीची छापील सूचना अध्यक्षांच्या हातात दिली. "ही भाषा लोकांच्या डोक्यावरून जातेय. तुम्ही वाचून समजावून सांगता का?"

समोर लोक वाट बघत होते. अध्यक्ष बसले. त्यांनी पहिले वाक्य वाचले. ते इतके लांबलचक होते की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात त्यांनाच आठवेना. "म्हणजे," ते डोके खाजवत म्हणाले, "म्हणजे असं बघा..." आणि समजावू लागले. संध्याकाळपर्यंत त्यांचा घसा बसला होता आणि बुटांना चिखल लागला होता. वाचनालय बंद करण्याचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

आता मी तुम्हांला खरी गोष्ट सांगते.

गावात शिवणकाम करणारी एक ताई होती. ती रोज यायची, एका कोपऱ्यात बसायची आणि मोबाईलकडे बघत राहायची. पाव दिला तर हातात धरून ठेवायची. एका दुपारी खोली अगदी भरलेली असताना तिने एकाएकी डोके माझ्यावर टेकले आणि हंबरडा फोडला. तो आवाज छताला जाऊन भिडला. मुलांचे खडू थांबले. आणि सवयच ती, सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या.

बाईंचे ओठ "शू" म्हणायच्या बेतात आलेले मी पाहिले. मग ते मिटले. बाई जाऊन तिच्या शेजारी बसल्या.

"रड," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं रड. इथे कोणी काही म्हणणार नाही."

ताई रडली. तिचे अश्रू माझ्या फटींत झिरपले. इतके पाणी बघितलेले मी, पण ते पाणी वेगळे होते. जरा वेळाने ती बोलू लागली. तिची सासू सापडत नव्हती. बांध फुटला त्या दिवशी सकाळी दोघींचे कडाक्याचे भांडण झाले होते. काय तर भाजीत मीठ जास्त झाले म्हणून. सासूबाई रागारागाने बहिणीकडे जायला खालच्या गावाच्या बसमध्ये बसल्या. बस वाटेत पाण्यात अडकली. लोकांना होड्यांतून वाचवले म्हणतात, पण कोणाला कुठल्या निवाऱ्यात नेले ते कोणालाच सांगता येत नव्हते. ताईचा नवरा चिखलातून गावोगाव फिरत होता आणि मदतकेंद्राचा फोन लागतच नव्हता.

"चहासुद्धा न पिता गेल्या हो," ती म्हणाली. "आणि मी म्हटलं, जाताय तर जा."

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"ऐक," त्या म्हणाल्या. "हरवलेलं शोधणं हाच माझा धंदा आहे. लोक येतात आणि म्हणतात, लाल रंगाचं पुस्तक होतं, नाव आठवत नाही. तरी मी शोधून देते. सांग, शेवटचं कोणी कुठे पाहिलं?"

"बस पुलाच्या अलीकडे होती तेव्हा."

"अंगावर काय?"

"हिरवी शाल. विटलेली."

"बोलतात कशा?"

ताईने नाक पुसले. "जोरात," ती म्हणाली. "खूप जोरात."

बाईंनी फोन उचलला. कोणत्याही मोठ्या कचेरीत त्यांनी फोन केला नाही. पुलापलीकडच्या गावातल्या ग्रंथपालांना केला. मग त्याच्या पुढच्या गावातल्यांना. मग त्याच्याही पुढे. "तुमच्या जवळच्या निवाऱ्यात जाऊन एवढं बघाल का?" प्रत्येकाला विचारले. "हिरवी शाल, आवाज मोठा." त्या गावांतही वाचनालयांची दारे उघडी होती, तिथेही कोणीतरी चिखल काढत होते. तरी एकानेही नाही म्हटले नाही. हे ऐकून दुसरे लोकही पुढे आले. कोणाचा भाऊ, कोणाचे आजोबा. बाई एकेकाला समोर बसवून तेच विचारत: शेवटचं कुठे पाहिलं, अंगावर काय, बोलतात कसे? काही माणसांचा पत्ता लवकर लागला. एका घरी मात्र वाईट बातमी आली. तो निरोप द्यायला बाई स्वतः चालत गेल्या, फोनवर सांगितला नाही.

शिवणताईच्या सासूचा मात्र काही पत्ता नव्हता.

मग दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. बाईंनी तो स्पीकरवर लावून माझ्यावर ठेवला. पलीकडे कुठल्याशा गावच्या ग्रंथपाल बोलत होत्या, थोड्या दमलेल्या आवाजात.

"हिरवी शाल दिसत नाही इथे. पण एक आजी आहेत. निवाऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरल्यात आणि आमटीत मीठ कमी आहे म्हणून सगळ्यांना फैलावर घेतलंय. आचारी काम सोडून जायच्या तयारीत आहे."

ताई ताडकन उभी राहिली. "त्याच!" ती किंचाळली. "त्याच आमच्या!"

अख्खी खोली हसली. पलीकडे काहीतरी खुडबुड झाली आणि मग एक खणखणीत आवाज माझ्या फळ्यांतून घुमला, "कोण? सूनबाई? अगं, तुझं मशीन भिजलं का गं?"

शिवणाच्या मशीनवरच त्यांचे घर चालत होते, आणि सासूने पहिला प्रश्न त्याचा विचारला होता. "भिजलं," ती कशीबशी म्हणाली. "पण पुसून ठेवलंय. तुम्ही या."

"येते. इथलं जरा मार्गी लावते आणि येते," सासूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

रस्ता मोकळा झाला तशा त्या एका ट्रकमध्ये पुढे बसून आल्या. ट्रकवाला कान चोळत होता. घरी जायच्या आधी त्या थेट वाचनालयात आल्या. सून दारात होती. दोघींनी एकमेकींना मिठी वगैरे मारली नाही. सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो तिथेच राहू दिला आणि म्हणाल्या, "वाळलीस." मग आत येऊन त्यांनी चहाचा ताबा घेतला.

आवराआवर करताना नकाशांच्या कपाटामागे त्यांना एक घडी केलेली चादर सापडली. चादरीत कंगवा आणि दात घासायचा ब्रश होता.

"हे कोणाचं?" त्यांनी विचारले.

काकांना माहीत नव्हते. कोणालाच माहीत नव्हते. मला माहीत होते, मित्रांनो. पूर आल्यापासून दार लावून घेतल्यावर बाई माझ्या एका टोकाचे फोटो बाजूला सरकवून तिथेच चादर अंथरून झोपत होत्या. माझ्या पाठीला त्यांचा श्वास कळत असे. पण मी कोणाला सांगणार?

"बाई," सासूबाईंनी सरळच विचारले, "तुमचं घर कुठे आहे?"

जगातल्या कुठल्याही प्रश्नाचे उत्तर शोधून देणाऱ्या आमच्या बाई कंगवा चादरीत परत गुंडाळू लागल्या.

"खालच्या गल्लीत होतं," त्या म्हणाल्या.

काकांनी मान खाली घातली. रोज सकाळी बाई आपल्या आधी येऊन दार उघडतात असे त्यांना वाटत होते.

"आमची वरची खोली कोरडी आहे," सासूबाई म्हणाल्या. "जिना अरुंद आहे आणि मी घोरते. चालेल?"

बाई रडतील असे मला वाटले. पण त्या हसल्या. आधी हळू, मग मोठ्याने, अगदी पोट धरून. एवढ्या वर्षांत त्या खोलीत त्या कधी अशा हसल्या नव्हत्या. हसता हसताच डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि ते त्यांनी पुसले नाही. "चालेल," त्या म्हणाल्या. "तुमच्या घोरण्याला मी शू करणार नाही."

पुढे गाव हळूहळू सावरले. दुकाने उघडली, शाळा भरली. फोटो ज्याचे त्याला गेले. माझा नदीकडचा एक पाय मात्र आतून कुजला होता आणि मी डुगडुगू लागले. नवे, हलके टेबल आणावे असे समितीत निघाले. तेव्हा घसा बसलेले तेच अध्यक्ष म्हणाले, "या टेबलाला हात लावायचा नाही." मला नवा पाय बसवला. त्याचा रंग बाकीच्यांशी मुळीच जुळत नाही. नवीन मुले विचारतात, तेव्हा काका पुराची सगळी गोष्ट सांगत बसतात. आता त्यांना ती मोठ्या आवाजात सांगता येते, कारण रोज दुपारी बाईंनी बोलण्याची वेळ ठेवली आहे. त्या वेळेत शिवणताई माझ्यावर कापड पसरून बायकांना बेतायला शिकवते, बेकरीवाले मामा मुलांना गोष्टी वाचून दाखवतात आणि सासूबाई कोणी विचारले नाही तरी सल्ले देतात. बाकीच्या वेळी "शू" पूर्वीसारखेच चालते. कबुतरे अजून त्यांचे ऐकतात.

मित्रांनो, मी आता थकले आहे. माझ्या अंगावर डाग आहेत आणि एक कड फुगलेली आहे ती आता कधी बसणार नाही. माझे दुःख करू नका. मला फक्त एवढेच वाटते की तुम्ही संकटाची वाट बघत बसू नका. तुमच्या गावात एखादी अशी खोली असेल, जिथे कोणीही येऊन बसू शकते आणि तुझे इथे काय काम असे कोणी विचारत नाही, तर तिथे जात राहा. सगळे ठीक चालले असतानाही जा. तिचे छप्पर गळते का बघा, तिचे दार वेळेवर उघडते का बघा, आणि ते उघडणाऱ्या माणसाला कधीतरी विचारा, बाई, तुम्ही जेवलात का?

आणि निघताना खुर्ची आत सरकवून ठेवा, असे इथल्या पाटीवर लिहिले आहे. माझे ऐकाल तर एक तरी खुर्ची तशीच जरा बाहेर ओढलेली राहू द्या. दारात घुटमळणाऱ्या माणसाला ती लांबूनच दिसते.